त्रिमितीय मॅनिफोल्ड डोळ्यांसमोर कसे आणायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: टोरस (मेदूवड्याचा पृष्ठभाग), क्लाइन बाटली (आत-बाहेर असा भेद नसलेलं बंद पृष्ठ), प्रक्षेपीय प्रतल (गोलपृष्ठाचे समोरासमोरचे बिंदू एकच मानले की मिळणारं पृष्ठ) ही पृष्ठं डोळ्यांसमोर येतात, पण त्रिमितीय मॅनिफोल्ड, म्हणजे जवळून पाहिलं तर सगळीकडे आपल्या नेहमीच्या अवकाशासारखी वाटणारी अवकाशं, सुरू झाली की सगळं नुसत्या चिन्हांवर येऊन थांबतं. मग चौथी मिती डोळ्यांसमोर आणायची सवय करावी लागते का? आणि या विषयात काम करणारे लोक नेमकं पाहतात तरी काय?

चौथ्या मितीचा नाद आधी सोडून द्या. पृष्ठं द्विमितीय आणि आपण त्रिमितीय, त्यामुळे ती बाहेरून, सगळ्या बाजूंनी पाहायची सोय आपल्याला आयती मिळते. त्याच सवयीने वाटतं की त्रिमितीय अवकाश समजायचं तर एक मिती वर चढून तिथून खाली पाहायला हवं. पण वर चढूनही भागत नाही. क्लाइन बाटली स्वतःला छेदल्याशिवाय तीन मितींत मावत नाही, तसंच त्रिमितीय प्रक्षेपीय अवकाश (प्रक्षेपीय प्रतलाचा एक मिती वरचा भाऊ) चार मितींच्या सपाट अवकाशात मावत नाही. म्हणजे बाहेर उभं राहायला जी जागा आपण शोधतोय ती चौथ्या मितीत मिळेलच असं नाही, आणि मिळाली तरी चार मितींतलं पाहणं आपल्या डोळ्यांना ठाऊक नाही.

आपलं भांडवल वेगळं आहे. आपण जन्मापासून त्रिमितीय अवकाशाच्या आतच वावरतो. आतून पाहणं, चालणं, वळणं, चाचपणं यात आपण तरबेज असतो. म्हणून मी तरी कुठलंही नवं अवकाश समोर आलं की त्याचा आकार कसा असेल हे विचारत नाही. मी त्यात शिरते आणि विचारते: सरळ चालत राहिले तर कुठे पोचेन? समोर काय दिसेल? दोरी सोडत गेले तर परत आल्यावर ती ओढून घेता येईल का? या तीन प्रश्नांवर बहुतेक सगळं काम निघतं.

सुरुवात त्रिमितीय टोरसपासून करा. एक घनाकार खोली घ्या. समोरची भिंत मागच्या भिंतीला, डावी उजवीला आणि छत जमिनीला चिकटवलेलं आहे असं माना. प्रत्यक्षात चिकटवायला जाऊ नका. चिकटवलंय याचा अर्थ एवढाच की समोरच्या भिंतीतून बाहेर पडलात की त्याच क्षणी मागच्या भिंतीतून आत येता. आता खोलीच्या मधोमध उभं राहा. समोर पाहिलं तर एका खोलीच्या अंतरावर तुमचीच पाठ दिसते. डावीकडे पाहिलं तर तुमची उजवी बाजू, वर पाहिलं तर तुमचेच तळपाय. खोलीची बाजू १ धरली तर १ अंतरावर तुमच्या ६ प्रतिमा आहेत, १.४१ अंतरावर १२, १.७३ अंतरावर ८, आणि असं पुढे संपत नाही. मात्र ही गर्दी खरी नाही. माणूस एकच आहे, खोली एकच आहे, प्रकाश तिच्यातून पुन्हा पुन्हा फिरून येतोय. खोली एक प्रकाश-सेकंद रुंद असेल तर समोरची प्रतिमा एक सेकंदापूर्वीची असेल, तिच्यामागची दोन सेकंदांपूर्वीची. हात वर करा आणि प्रतिमांचे हात कोणत्या क्रमाने वर होतात ते मनात पाहा. हा सराव वरवर पोरकट वाटतो, पण 'सार्वत्रिक आच्छादन' ही संकल्पना व्याख्या पाठ करून अंगवळणी पडत नाही ती यातून पडते. दिसणारं अनंत जाळं हे आच्छादन, आणि एका प्रतिमेवरून दुसरीवर नेणाऱ्या हालचाली हा मूलभूत गट.

आता चिकटवण्याची रीत जराशी बदला. बाकीच्या दोन जोड्या तशाच ठेवा, पण समोरची भिंत मागच्या भिंतीला पाव फेरा वळवून चिकटवा. आता समोरची प्रतिमा आडवी पडलेली दिसेल, तिच्यापुढची डोक्यावर उभी, तिसरी दुसऱ्या कुशीवर आडवी आणि चौथी पुन्हा सरळ. वळवण्याऐवजी आरशासारखं उलटवून चिकटवलं, तर समोरची प्रतिमा डाव्या हाताने लिहिताना दिसेल; त्या भिंतीतून एकदा जाऊन आलात की तुमच्या दृष्टीने खोलीतली सगळी पुस्तकं उलट्या अक्षरांची झालेली असतील. तेच अवकाश दिशाहीन. अशा सपाट, बंदिस्त त्रिमितीय अवकाशांचे प्रकार मोजून १० आहेत: ६ दिशायुक्त, ४ दिशाहीन. यादी पाठ करण्यात अर्थ नाही; प्रत्येकात एकदा उभं राहून समोर काय दिसतं ते लिहून काढा, एवढं पुरे.

त्रि-गोल, म्हणजे चार मितींतल्या एकक गोलाचा पृष्ठभाग, हा या विषयातला पहिला खरा अडथळा. समीकरणाकडे पाहत बसू नका. पृथ्वीच्या गोलावर उत्तर ध्रुवापासून निघालं की अक्षवृत्तं विषुववृत्तापर्यंत मोठी होत जातात आणि मग लहान होत दक्षिण ध्रुवावर बिंदू होतात. त्रि-गोलात तुम्ही जिथे उभे आहात तिथून सगळ्या दिशांना समान अंतरावरचे बिंदू घेतले की वृत्तांऐवजी पूर्ण गोलपृष्ठं मिळतात. तीही आधी मोठी होतात, मधल्या अंतरावर सर्वांत मोठी, आणि मग लहान होत होत दुसऱ्या टोकाला एका बिंदूत संपतात. म्हणूनच त्रि-गोल म्हणजे दोन भरीव चेंडू, ज्यांचे पृष्ठभाग बिंदूला बिंदू जुळवून चिकटवले आहेत.

आता यातलं दृश्य पाहा. तुमची मैत्रीण तुमच्यापासून लांब चालली आहे. पूर्ण फेरीचं अंतर ३६० अंश मानू. ९० अंशांपर्यंत ती लहान लहान दिसत जाते, अगदी नेहमीसारखी. त्यानंतर ती आणखी लांब जाते, पण दिसायला मोठी होऊ लागते, कारण तुमच्या डोळ्यांतून निघणाऱ्या सरळ रेषा ९० अंशांनंतर पुन्हा एकमेकींकडे झुकतात. १८० अंशांवर, म्हणजे बरोबर विरुद्ध बिंदूपाशी पोचली की ती संपूर्ण आकाश व्यापते. कुठल्याही दिशेला पाहा, नजर तिच्यावरच जाऊन थांबते: एका दिशेला तिचा चेहरा, बरोबर उलट दिशेला तिची पाठ, मधल्या दिशांना बाकीचं अंग. हे दृश्य डोळे मिटून दोन-चारदा चालवून पाहा. धन वक्रता म्हणजे काय, हे मला कुठल्याही सूत्राने इतकं स्वच्छ सांगितलेलं नाही.

त्रि-गोलाचं दुसरं एक चित्र जवळ हवंच. नेहमीच्या अवकाशात जमिनीवर एक वर्तुळ आखा आणि त्याच्या मध्यातून एक उभी सरळ रेषा काढा. अनंतात एक बिंदू जोडला की अवकाश त्रि-गोल होतं आणि ती रेषा दोन्ही टोकांनी त्या बिंदूत मिळून वर्तुळ होते. आता जमिनीवरच्या वर्तुळाभोवती बारीक नळी घाला आणि ती फुगवत न्या. नळीच्या आतला भाग भरीव टोरस आहे हे उघड आहे. बाहेरचा भाग? तो उभ्या रेषेभोवतीचा भरीव टोरसच आहे, आतल्याइतकाच. दोन भरीव टोरस एकमेकांत गुंतून पूर्ण अवकाश भरतात, आणि 'आत' व 'बाहेर' यांत फरक उरत नाही. या प्रत्येक नळीवर तिरकी वर्तुळं काढली, जी दोन्ही दिशांना एकेक फेरा घेतात, तर सगळा त्रि-गोल वर्तुळांनी भरून जातो आणि त्यातली कुठलीही दोन वर्तुळं साखळीच्या कड्यांसारखी एकमेकांत अडकलेली असतात. हाइन्झ हॉप्फ यांनी हे १९३१ साली मांडलं.

यापुढचं उदाहरण माझ्या मते सर्वांत शिकवून जाणारं आहे, म्हणून त्यावर सावकाश जाऊ. नियमित द्वादशफलक घ्या: १२ पंचकोन, ३० कडा, २० शिरोबिंदू. पुठ्ठ्याचं करून हातात धरलंत तर उत्तम. समोरासमोरचे पंचकोन चिकटवायचे आहेत, पण ते एकमेकांच्या तुलनेत वळलेले असतात, सरळ चिकटवता येत नाहीत. वळवावं लागतंच, आणि वळवायचे पर्याय तीन: ३६ अंश, १०८ अंश किंवा १८० अंश. सहाही जोड्यांना एकाच दिशेने तेवढंच वळण द्यायचं. ठोकळा एक, कृती एक, फरक फक्त वळणाचा.

आता कडेभोवती फेरी मारा. एका कडेवर बोट ठेवा. तिथे दोन पंचकोन भिडतात. त्यातला एक निवडा आणि चिकटवण्याच्या नियमाने समोरच्या पंचकोनावर उडी घ्या; तुमची कड तिथल्या एका कडेवर जाऊन बसेल. त्या नव्या कडेला लागून जो दुसरा पंचकोन आहे, त्याच्यातून पुन्हा पलीकडे उडी. मूळ कडेवर परत येईपर्यंत हे चालू ठेवा. ३६ अंशांच्या वळणात तीन उड्यांत परत येता, १०८ मध्ये पाच, १८० मध्ये दोन. म्हणजे चिकटवलेल्या अवकाशात एका कडेभोवती अनुक्रमे तीन, पाच आणि दोन कोपरे जमतात.

कडेभोवतीचे कोन मिळून ३६० अंश भरायला हवेत. तर एकेका कोपऱ्याचा, म्हणजे कडेवर भिडणाऱ्या दोन पंचकोनांमधला, कोन अनुक्रमे १२०, ७२ आणि १८० अंश लागतो. पण सपाट अवकाशातल्या नियमित द्वादशफलकाचा कोन ठरलेला आहे: साधारण ११६.६ अंश. तिन्हींपैकी एकही जमत नाही! मग ठोकळाच वक्र अवकाशात न्यावा लागतो. त्रि-गोलात द्वादशफलक मोठा केला की त्याचे कोन ११६.६ पासून वाढत १८० पर्यंत जातात. वाटेत १२० लागतातच. हायपरबोलिक, म्हणजे ऋण वक्रतेच्या, अवकाशात मोठा केला की कोन कमी होत ६० कडे जातात. वाटेत ७२ लागतात. म्हणजे अवकाशाची भूमिती आपण वरून लादलेली नाही. चिकटवण्याच्या संस्थितीनेच (टोपोलॉजीनेच, म्हणजे काय कशाला जोडलंय यानेच) ती मागून घेतली आहे. पुठ्ठा हातात धरून हा हिशोब एकदा केला की विल्यम थर्स्टन यांना १९७०च्या दशकाअखेर जे जाणवू लागलं होतं, त्याची पहिली चुणूक मिळते: त्रिमितीय मॅनिफोल्ड ठरावीक रीतीने कापले की प्रत्येक तुकड्याला आठ भूमितींपैकी एक आपसूक शोभते. ग्रिगोरी पेरेलमान यांनी २००२ आणि २००३ साली मांडलेल्या लेखांनी ते सिद्ध झालं.

चिकटवणं बरोबर जमलंय का हे तपासायला आकडेमोड सोपी आहे: शिरोबिंदू वजा कडा अधिक पृष्ठं वजा ठोकळे. उत्तर शून्य आलं तरच ते बंदिस्त मॅनिफोल्ड. ३६ अंशांत ५ − १० + ६ − १, १०८ अंशांत १ − ६ + ६ − १, १८० अंशांत १० − १५ + ६ − १. तिन्ही शून्य.

३६ अंशांचं अवकाश म्हणजे प्वांकारेचं द्वादशफलकी अवकाश, अर्थात या ठोकळ्याच्या रूपात ते नंतर ओळखलं गेलं. त्याची होमॉलॉजी, म्हणजे अवकाशातली भोकं मोजायची बीजगणिती रीत, हुबेहूब त्रि-गोलासारखी आहे, तरी ते त्रि-गोल नाही. १९०४ साली त्यांना हे अवकाश सापडलं, म्हणूनच त्यांना प्रश्न दोरीच्या भाषेत विचारावा लागला: जिथे सोडलेली प्रत्येक दोरी बिंदूपर्यंत ओढून घेता येते, ते बंदिस्त अवकाश त्रि-गोलच असतं का? १०८ अंशांचं अवकाश सायफर्ट आणि वेबर यांनी १९३३ साली दिलं. आणि १८० अंशांचं? ते त्रिमितीय प्रक्षेपीय अवकाश, चार मितींत न मावणारं म्हणून वर ज्याचा उल्लेख केला तेच. ठोकळ्याच्या आत मात्र ते अगदी सरळसाधं आहे.

प्वांकारेच्या अवकाशात उभं राहून पाहिलं तर काय दिसतं? १२० द्वादशफलक मिळून त्रि-गोल नेमका भरतो, म्हणून तुम्हाला स्वतःला धरून तुमची रूपं १२०. सर्वांत जवळच्या १२ प्रतिमा ३६ अंशांवर, मग ६० वर २०, ७२ वर १२, आणि ९० वर ३०. या तीस सर्वांत लहान दिसतात. त्यांच्या पलीकडच्या १०८ वर १२, १२० वर २०, १४४ वर १२, या लांब असूनही क्रमाने मोठ्या दिसतात. उरलेली एक १८० अंशांवर, आणि ती संपूर्ण आकाश व्यापते. म्हणजे या अवकाशाची पार्श्वभूमी तुम्ही स्वतःच आहात. ज्याँ-पिएर ल्युमिने आणि सहकाऱ्यांनी २००३ साली विश्वाचा आकार असाच असू शकेल असं सुचवलं होतं. वैश्विक पार्श्वप्रारणात, म्हणजे विश्वाच्या आरंभकाळापासून सगळ्या दिशांनी येणाऱ्या मंद प्रारणात, जुळणाऱ्या वर्तुळांच्या जोड्या शोधून ते तपासता येतं. शोध झाला, पण पटण्याजोगं काही हाती लागलेलं नाही.

हायपरबोलिक अवकाशात नजर तयार व्हायला सर्वांत जास्त वेळ लागतो, पण बहुतेक त्रिमितीय मॅनिफोल्ड तिथलेच, म्हणून ते टाळून चालत नाही. तिथली पकडायची गोष्ट म्हणजे जागेची मुबलकता. वक्रता उणे १ धरली तर ५ त्रिज्येच्या चेंडूचं घनफळ सपाट अवकाशात ५२४ च्या आसपास असतं, हायपरबोलिक अवकाशात ३४,५०० हून अधिक. त्यामुळे लांब गेलेली वस्तू भराभर ठिपका होते, आणि दोन प्रवासी जराशा वेगळ्या दिशांनी निघाले तर एकमेकांना कायमचे मुकतात. मात्र या भूमितीचा एक मोठा फायदा आहे. मोस्टो यांनी १९६८ साली आणि गोपाल प्रसाद यांनी १९७३ साली सिद्ध केलं की तीन किंवा जास्त मितींत, घनफळ मर्यादित असेल तर हायपरबोलिक रचना एकच असते. ती ताणता येत नाही. म्हणजे घनफळासारखा शुद्ध भूमितीय आकडा हा संस्थितीचा गुणधर्म होऊन बसतो. आकृती-आठ गाठीभोवतीची उरलेली जागा घ्या. ती दोन आदर्श चतुष्फलकांनी बनते, ज्यांचे सगळे शिरोबिंदू अनंतात असतात आणि प्रत्येक कडेभोवती ६० अंशांचे सहा कोन जमतात. तिचं घनफळ २.०२९८८… गाठ कितीही वाकडीतिकडी मांडा, हा आकडा हलत नाही.

इथे सॉफ्टवेअर हाती घ्या, त्याआधी नको. जेफ्री वीक्स यांचं 'कर्व्ह्ड स्पेसेस' मोफत आहे आणि वर सांगितलेल्या बहुतेक अवकाशांत त्यात उडता येतं. 'स्नॅपपाय'मध्ये गाठीचं नाव दिलं की चतुष्फलक, घनफळ, मूलभूत गट सगळं मिळतं, शिवाय आतून पाहायचीही सोय आहे. माझा आग्रह एवढाच की कळ दाबण्याआधी समोर काय दिसेल ते कागदावर लिहा आणि मगच पाहा. नुसतं उडत राहिलं की डोळे दिपतात, हाती काही लागत नाही. वरच्या आठांपैकी निल आणि सोल या भूमितींतली दृश्यं तर मुळीच आधी पाहू नका. तिथे सगळ्या दिशा सारख्या नसतात, एकच वस्तू अनेक ठिकाणी तुटून दिसते, आणि मला अजूनही तिथे चित्रापेक्षा हिशोबाचा आधार जास्त वाटतो.

आणि हे सगळं फक्त डोळ्यांचं काम आहे असं समजू नका. गोलपृष्ठ न फाडता, न चुरगळता आतलं बाहेर करता येतं हे स्टीव्हन स्मेल यांनी १९५०च्या दशकाअखेर सिद्ध केलं. ते प्रत्यक्ष कसं करायचं याची एक सुबक रीत बर्नार मोरँ यांनी बसवली. मोरँ लहानपणापासून अंध होते. बोटांनी कडेभोवती फिरणं, दोरी ओढून पाहणं ही वर सांगितलेली कामं नजरेवर अवलंबून नाहीतच.

पहिला सराव म्हणून पुन्हा घन घ्या, पण या वेळी तिन्ही जोड्या पाव फेरा वळवून चिकटवा, वळण तिन्हींत एकाच हाताचं, उजव्या मळसूत्रासारखं. कडांवर बोट फिरवा. १२ कडांचे तीन-तीनचे चार गट पडले पाहिजेत आणि ८ शिरोबिंदूंचे चार-चारचे दोन. २ − ४ + ३ − १ शून्य येतं. गट जुळत नसतील तर बहुधा एखाद्या जोडीत वळण उलट पडलंय. जुळले, तर कोन १२० अंशांचा हवा, घनाचा तर ९०, म्हणून घन त्रि-गोलात फुगवावा लागेल. तिथे असे आठ घन नेमके मावतात. मग आत उभं राहा आणि तुमच्या आठ रूपांपैकी कोणतं कुठे आणि कसं वळलेलं दिसतं ते लिहून काढा. जवळची सहा ९० अंशांवर सापडतील. आठवं कुठे आहे, हे आता तुम्हाला शोधता येईल.